आईच्या रोज्यालाही थोडी शांतता हवी

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर मगरीबच्या अजानपर्यंतचा वेळ घरातल्या आईसाठी सर्वांत कठीण असतो. एका शेगडीवर भजी तळली जात असतात, दुसरीवर कुकर शिट्ट्या देत असतो. मिक्सर, टीव्ही, मोबाइल, दारावरची बेल आणि धाकट्याचे रडणे एकाच वेळी सुरू असते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत येतो. त्यामुळे मुलांच्या अभ्यासाकडेही तिलाच बघायचे असते. सहेरीसाठी ती सर्वांच्या आधी उठलेली असते आणि दिवसभर पोटात पाण्याचा घोटही नसतो.

अशा वेळी साधा चमचा पडला तरी डोक्यात घण बसल्यासारखे वाटते. ओढणी ओढणारे मूल नकोसे होते. ती ओरडते आणि मग 'रोजा असताना राग आला' म्हणून स्वतःलाच दोष देत राहते. पण हा सब्रचा अभाव नव्हे. अपुरी झोप, रिकामे पोट, सुटलेला चहा आणि चारी बाजूंचे आवाज यांनी मेंदू थकून जातो. त्यात घरातल्या प्रत्येकाचे सगळे लक्षात ठेवायचे कामही तिचेच. नवरात्रात नऊ दिवस उपवास करून घर सांभाळणाऱ्या शेजारणीला हे वेगळे सांगावे लागत नाही.

इस्लामने आईची ही घालमेल ओळखली आहे. सहीह बुखारीत एक हदीस आहे. पैगंबर मुहम्मद (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, पण एखाद्या बाळाचे रडणे कानी आले की नमाज आटोपती घेत. जमातीत उभ्या असलेल्या त्याच्या आईला त्रास होऊ नये, हे त्यामागचे कारण. हजरत आयशा (रजि.) सांगतात की, पैगंबर घरी असताना घरच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची काळजी वाटत असेल, तर रोजा पुढे ढकलण्याची मुभाही आहे.

नमाज लहान होऊ शकते, तर दस्तरखानही लहान होऊ शकतो. खजूर, फळे, सरबत आणि एखादा तिखट पदार्थ इफ्तारला पुरे आहे. फळे कापणे, सरबत करणे, दस्तरखान अंथरणे ही कामे मुलगे आणि वडील सहज करू शकतात. असरनंतर टीव्ही बंद ठेवावा, मोबाइलचा आवाज घालवावा. आईला पंधरा मिनिटे दार लावून पडू द्यावे. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारू नये. जीव घाबरा झाला की तिने गॅस बंद करून थंड पाण्याने वुजू करावा आणि मग एका वेळी एकच काम हाती घ्यावे.

मात्र रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. ताप आला तर औषध घेतोच. मनाच्या दुखण्यातही लाजण्यासारखे काही नाही.

आज इफ्तारनंतरची भांडी कोण घासणार, हे घरातल्या पुरुषांनी अजानच्या आधीच ठरवून टाकावे.