काळ्या पाकिटातलं कल्चर

मृगाच्या तोंडावर हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या कृषी सेवा केंद्रांत सोयाबीनच्या पिशवीसोबत शेतकरी 'कल्चर' मागतात. एक रायझोबियमचं, म्हणजे मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूचं; एक पीएसबीचं, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूचं. काही जण त्यासाठी थेट परभणीचं कृषी विद्यापीठ गाठतात. 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, तो रस्ता पायाखालचा. पाकिटं फोडली तर दोन्हींत तीच काळी भुकटी. आतला जिवाणू नुसता सूक्ष्मदर्शकाखाली धरूनही नीट ओळखू येत नाही, कारण बहुतेक सगळे बारीक कांड्यांसारखेच दिसतात. त्यांची ओळख पटते ती ताटात काय वाढलं आणि काय मुद्दाम वाढलं नाही, त्यावरून.

सुरुवात शेतातून होते. फुलोऱ्यात आलेलं सोयाबीनचं झाड उपटायचं नाही, मातीसकट खणून काढायचं. ओढलं की मुळ्यांवरच्या गाठी जमिनीतच राहतात. गाठ ब्लेडने कापली आणि आत गुलाबी-लाल निघाली, तर ती कामाची. ती धुऊन काही सेकंद अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात, म्हणजे सालीवरचे बाकीचे जंतू मरतात. निर्जंतुक पाण्याने खळखळून धुतल्यावर गाठ चिरडायची आणि त्या रसाची रेघ माध्यमावर ओढायची.

हे माध्यम म्हणजे लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम मॅनिटॉल नावाची शर्करा, चिमूटभर यीस्टचा अर्क, थोडे क्षार आणि घट्टपणासाठी साधारण 15 ग्रॅम अगर. अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रासच. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत; ते उन्हाळ्यात वितळायचं, शिवाय काही जिवाणू तेच खाऊन टाकायचे. 1881 च्या सुमारास फॅनी हेसे यांनी जेलीसाठी घरी वापरायचा अगर सुचवला. तो वितळतो उकळीच्या आसपास आणि गोठतो 40 अंशांच्या जवळ. एकदा गोठला की हिंगोलीच्या मे महिन्यातही पातळ होत नाही. माध्यमाचं हे मिश्रण मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरमध्येच म्हणा, 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटं शिजवून बशांत ओततात.

या माध्यमावर इतरही जिवाणू वाढतात, म्हणून त्यात काँगो रेड हा रंग घालतात. रायझोबियम तो फारसा शोषत नाही. त्याच्या वसाहती पांढऱ्या, चिकट, साबुदाण्याच्या शिजल्या दाण्यासारख्या दिसतात. लाल ठिपका उठला की पाहुणा घुसला समजायचं. काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू घातला तर आणखी एक गोष्ट कळते. भराभर वाढणाऱ्या जाती आम्ल सोडून बशी पिवळी करतात. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम संथ. त्याला आठवडाभर लागतो आणि बशी निळी होते. तिसऱ्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून बशी फेकणारा त्यालाच फेकतो.

पीएसबीची परीक्षा मला सगळ्यात देखणी वाटते. पिकोव्हस्काया माध्यमात स्फुरद असतं, पण न विरघळणाऱ्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात. त्यामुळे बशी दुधासारखी पांढरी. जिवाणूने आम्ल सोडून ते विरघळवलं की वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं पडतं, चंद्राला खळं पडावं तसं. ॲझोटोबॅक्टर या आणखी एका जिवाणूसाठीच्या ॲशबी माध्यमात तर नत्र घालतच नाहीत. हवेतून स्वतःचं नत्र मिळवेल तोच तिथे तगतो.

शेवटी मोजणी. 1 ग्रॅम भुकटी 9 मिली निर्जंतुक पाण्यात, त्यातलं 1 मिली पुन्हा 9 मिलीत, असं सहा वेळा. शेवटच्या नळीतल्या 1 मिलीतून बशीवर 50 वसाहती उगवल्या, तर मूळ ग्रॅममध्ये 5 कोटी जिवाणू होते. खत नियंत्रण आदेशाची भुकटीतल्या रायझोबियमसाठीची किमान अट नेमकी तेवढीच आहे. अर्थात हा आकडा बशीत मोजला त्या दिवसाचा. तेच पाकीट दुकानाच्या दारात उन्हात पडून राहिलं, किंवा घरी बियाण्याला आधी कल्चर आणि वरून बुरशीनाशक चोळलं, तर पेरणीपर्यंत त्यातले किती उरले हे पाकिटावर कुठेच छापलेलं नसतं.