हाताने शिवलेला लेदर पाऊच: पहिला नग कसा करायचा आणि कितीला विकायचा

व्हिडिओत पाऊच शिवताना पाहिलात, आता कागद-पेन घेऊन बसा. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. आणि आपल्याकडचे बरेच घरगुती धंदे हात चांगला असूनही हिशोबापायी बसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. पहिले पाच पाऊच होईपर्यंत मशीन घेऊ नका, कर्ज काढू नका. हे काम दोन सुयांचं आहे.

चामडं आणि हत्यारं

बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं चामडं घ्या, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. महाराष्ट्रात गाईंबरोबरच 2015 पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे म्हशीचं किंवा शेळीचं मागा आणि पक्कं बिल घ्या. मुंबईला कोणी जाणार असेल तर धारावीच्या बाजारातून कटपीस मागवा. शिकायला तेवढे पुरतात.

हत्यारं थोडीच: रापी, आरी, स्टीलची पट्टी, हातोडी, दोन बोथट सुया, मेण लावलेला जाड दोरा, टिचबटण. गावातल्या चर्मकार काकांकडे अर्धा दिवस बसा. रापी कशी धरायची, धार कशी लावायची ते बघा. आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. क्लासची फी आपण मुकाट भरतो, मग पिढ्यान् पिढ्यांचं कसब फुकट का मागायचं?

करायचं कसं?

1. पुठ्ठ्यावर 12 × 25 सेंटिमीटरचा आयत कापा. खालचे 9 सेंमी पुढचा कप्पा, मधले 9 मागची बाजू, उरलेले 7 झाकण. पुठ्ठा दुमडून, त्यात नोटा-कार्ड घालून बघा. चुकायचं ते पुठ्ठ्यावर.
2. पुठ्ठा चामड्यावर ठेवून आरीने रेघ ओढा. रापी एकदम दाबू नका, दोन-तीन हलक्या हातांत कापा.
3. टिचबटण शिवणीआधी बसवा. नंतर आत हातोडी पोचत नाही.
4. घडीच्या जागी ओला स्पंज फिरवून दुमडा, सुकू द्या. मग दोन्ही कडांना आतून चपलेचं सोल्युशन लावून चिकटवा. खिडकी उघडी ठेवा.
5. कडेपासून 4 मिमी आत रेघ मारून दर 4 मिमीला भोक पाडा. एका बाजूला साधारण 22 भोकं येतात.
6. दोरा शिवणीच्या चौपट, वर थोडा जास्त, म्हणजे एका बाजूला 50 सेंमी. दोन्ही टोकांना सुई ओवा आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढा. असा एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. शेवटी दोन टाके उलटे घ्या.
7. कड ओलसर करून जाड कापडाने घासा, मग मेण लावून पुन्हा घासा. गिऱ्हाईक पाऊच हातात घेतलं की आधी कडेवर अंगठा फिरवतं. इथे घाई नको.

आणि आपल्या कोकणचा पावसाळा विसरू नका. वालावलसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर चामड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, सुती कापडात गुंडाळून हवेशीर ठेवा. ओलं झालं तर सावलीत सुकवा, उन्हात कडक होतं.

आता हिशोब

आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बिलातले घाला. समजा चामडं 150 रुपये स्क्वेअर फूट. एका फुटातून कागदावर तीन पाऊच निघतात, पण कातडीवर डाग, भोकं असतात, म्हणून दोनच धरा. म्हणजे नगाला 75. दोरा, बटण, सोल्युशन 20. पॅकिंग 15. झाले 110.

पहिल्या पाऊचला चार तास जातील. हात बसल्यावर दीड तास धरा. तासाला 100 रुपये मजुरी, म्हणजे 150. एकूण 260. त्यावर बिघडलेल्या मालाचे 10 टक्के, म्हणजे 286.

मालवणातल्या दुकानात माल ठेवलात आणि दुकानदाराने 30 टक्के कापले, तर पाटीवरची किंमत साधारण 410 हवी. "नवीन आहे, 250 ला देऊया" म्हणालात तर दुकानदाराचे 75 गेले, सामानाचे 110 गेले, उरले 65. दीड तासाचे 65 रुपये! पर्यटकाला स्वस्त पडलं, ते तुमच्या मजुरीतून.

नाव स्वतःचं लावा

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. आपला सिंधुदुर्ग त्यात नाही, आणि पाऊच ही चप्पलही नाही. म्हणून "कोल्हापुरी पाऊच" अशी पाटी लावू नका. जून 2025 मध्ये प्रादाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, टीका झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. दुसऱ्याचं नाव, कसब न सांगता वापरलेलं लोकांना आवडत नाही, मग मोठी कंपनी असो की आपण. तुमच्या पाऊचवर तुमच्या गावाचं नाव घाला. "वालावल, हातशिलाई" एवढं पुरे.

पहिला पाऊच विकू नका. महिनाभर स्वतः वापरा, कुठे उसवतो, कुठे घासतो ते वहीत लिहा. पाच झाले की सहाव्याला किंमत लावा, आणि उद्यम नोंदणी करून टाका. ती सरकारी पोर्टलवर मोफत आहे, पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

तुमच्या सहाव्या पाऊचचा हिशोब कमेंटमध्ये टाका. आपण मिळून तपासू.