चाकातच दडलेलं कुलूप

डोंबिवली स्टेशनच्या आसपासच्या सायकली दिवसाचा बहुतेक वेळ उभ्याच असतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत पोचली आणि पुढे हा सगळा पट्टा लोकलच्या वेळापत्रकाला बांधला गेला. घरापासून स्टेशनपर्यंत पॅडल मारायचं, सायकल रेलिंगला टेकवायची, गाडी पकडायची. मालक संध्याकाळी परतेपर्यंत ती तिथे एकटी.

काळ्या सायकलच्या मागच्या चाकावर गोल कुलूप असतं. त्याची कडी स्पोकमधून आरपार जाते आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणजे चोराला तिच्यावर बसून पळता येत नाही, एवढंच. उचलून टेंपोत टाकायला कोण अडवणार? पुढचं चाक तर आणखी मोकळं. गिअरच्या पुष्कळ सायकलींना तिथे नटाऐवजी खटका असतो. शर्यतीत चाक झटपट काढता यावं म्हणून इटलीच्या तुलियो कांपान्योलोने ही युक्ती काढली. तीच सोय भर रस्त्यात चोराच्या कामी येते. खटका उघडायला पानाही लागत नाही.

मग बांधायचं काय? रेलिंगला सायकलची दांडी, असं बहुतेकजण म्हणतील. अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या एका सायकल दुकानात काम करणारे शेल्डन ब्राउन यांचं उत्तर वेगळं होतं: मागच्या चाकाची रिम बांधा. सीटखालच्या दांड्यांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या आतून लहानसं यू-लॉक रिम आणि रेलिंग यांच्याभोवती घाला. सायकलच्या दांडीला कुलूप शिवतही नाही, तरी ती निघत नाही. चोराने ॲक्सलचे नट सोडून चाक मागे ओढलं, तरी यू-लॉक त्रिकोणाच्या दांड्यांना आतून अडतं. एका छोट्या कुलपात चाक आणि सायकल दोन्ही!

पण रिम कापली तर? इथे मला चाक या वस्तूबद्दल नव्याने आदर वाटतो. मेस्त्री चाकाचा आऊट काढताना स्पोक एकेक करून आवळतो, कारण चाक उभं असतं ते त्या ताणावरच. नीट बांधलेल्या चाकात एकेका स्पोकवर साधारण ८० ते १०० किलोचा ताण असतो. असे ३२ स्पोक रिमला चहूबाजूंनी मध्याकडे ओढतात. गणित मांडलं तर रिमच्या प्रत्येक बिंदूवर ४०० ते ५०० किलोचा दाब येतो. करवत आत शिरली, की कापलेल्या फटीच्या दोन्ही कडा एकमेकींकडे सरकतात आणि पातं त्यात चिमटून बसतं. दिसायला इतकी नाजूक वस्तू स्वतःला सहजासहजी कापू देत नाही. शिवाय तुटलेल्या रिमची सायकल चोराला चालवत नेता येत नाही, ते वेगळंच.

पुढच्या चाकासाठी खटका काढून साधे नट लावले, तरी चोराचा वेळ जातो. त्याहून सुंदर एक नट निघालाय. सायकल आडवी केल्याशिवाय तो सुटतच नाही: उभ्या सायकलमध्ये त्याच्या आतला अडसर गुरुत्वाकर्षणाने जागेवर राहतो. आणि मागून रेलिंगला जखडलेली सायकल आडवी करणं फार अवघड. चोराविरुद्ध पृथ्वीच कामाला लावण्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला दाद द्यावीशी वाटते.

एवढं सगळं आधीच करायचं, कारण नंतरची वाट अवघड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे जुन्या सायकलसाठी नुसती अदखलपात्र नोंद (एनसी) होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तेव्हा खरेदीची पावती जपून ठेवा, आणि आजच सायकल उलटी करून फ्रेमवर कोरलेला नंबर शोधा. तो बहुधा पॅडलच्या ॲक्सलखाली असतो, कधी सीटच्या नळीवर. चिखल पुसून त्याचा फोटो काढून ठेवा. सापडलेली सायकल तुमचीच आहे, हे सांगायला तोच उपयोगी पडतो.