नात्यातली उसनवारी आणि चार ओळींचा कागद

कुरआनातील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर अनेकांच्या तोंडी नमाज, रोजा किंवा हज हेच उत्तर येईल. प्रत्यक्षात ती आहे सूरह बकराची २८२वी आयत आणि तिचा विषय आहे उधार-उसनवारीची लिखापढी. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने ते न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. सूट आहे ती फक्त हातोहात होणाऱ्या खरेदी-विक्रीला.

आपल्या घरांत मात्र उलटे चित्र दिसते. बहिणीचा निकाह, दवाखान्याचा खर्च, आखातात निघालेल्या मुलाचा व्हिसा, भावाची रिक्षा यांसाठी हजारो-लाखो रुपये तोंडी शब्दावर दिले जातात. कागदाचा विषय काढला की, ‘भावाभावांत लिखापढी कसली? विश्वास नाही का?’ असा सवाल येतो. पण कागद हा अविश्वास नव्हे, विसराळूपणावरचा इलाज आहे. लिहिण्याने न्याय राखला जातो, साक्ष पक्की होते आणि संशयाला जागा राहत नाही, ही कारणे त्याच आयतीत आहेत.

न लिहिण्याची किंमत केवळ दोन माणसे मोजत नाहीत. एकदा हात पोळलेला माणूस पुन्हा कोणाला कर्जे हसना देत नाही. मग पुढचा गरजू सावकाराच्या किंवा झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपच्या दारात जातो. व्याजापासून वाचायचे असेल तर नात्यातली बिनव्याजी उसनवारी टिकली पाहिजे, आणि ती कागदानेच टिकते.

कर्ज, भेट की भागीदारी?

चुलतभावाच्या दुकानाला दोन लाख दिले. दिले म्हणजे काय केले? भेट असेल तर परत मागता येत नाही. कर्ज असेल तर दोन लाखच परत घ्यायचे, वर एक रुपयाही ठरवून घेता येत नाही. भागीदारी असेल तर नफ्यात वाटा आहे, पण तोट्याचीही तयारी हवी. ‘मुद्दल सुरक्षित आणि दरमहा दोन हजार’ असा तोंडी करार पुष्कळ ठिकाणी भागीदारीच्या नावाने चालतो. तो व्याजाचाच दुसरा चेहरा आहे. भागीदारीत ठरते ते नफ्याचे प्रमाण, म्हणजे निम्मे किंवा एक तृतीयांश. ठरावीक रक्कम नव्हे. तोटा ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसायचा असतो. हे पहिल्याच दिवशी लिहिले नाही, तर दुकान चालले की देणारा त्याला भागीदारी म्हणतो आणि बुडाले की कर्ज!

रुपये की सोने?

नवऱ्याच्या धंद्यासाठी बायकोने पाच तोळ्यांच्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट घरोघरची आहे. २००५च्या सुमारास दहा ग्रॅम सोने सात हजार रुपयांच्या आसपास होते. २०२५मध्ये ते एक लाखाच्या पुढे गेले. सोने उसने घेतले असेल तर तेवढ्याच वजनाचे, तशाच कसाचे सोने परत करायचे असते. तिने बांगड्या विकून रोख रक्कम दिली असेल तर रक्कम परत करायची. दोन्हींत आज लाखोंचा फरक आहे. म्हणून वजन, कस आणि व्यवहाराचा प्रकार लिहून ठेवा. नवरा-बायकोतही लिहा.

मेहेर हेही देणेच

निकाहनाम्यात मेहेर उधार लिहिले असेल तर ते नवऱ्यावरचे कर्ज आहे. तो हयात असताना दिले नाही, तर त्याच्या मालमत्तेतून आधी ते फेडायचे आणि मग वारसांच्या वाटण्या करायच्या. आपल्याकडे वडिलांच्या पश्चात जमिनीच्या वाटण्या होतात, पण आईच्या मेहेरचा कोणी विषयही काढत नाही.

कायदा काय सांगतो?

१९६३च्या मुदत कायद्यानुसार तारण नसलेल्या उसनवारीच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ही मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने सही करून देणे लेखी मान्य केले, तर तेव्हापासून मुदत नव्याने मोजली जाते. अर्थात कोर्टाची मुदत संपली म्हणून अल्लाहसमोरचे देणे संपत नाही. दुसरे असे की, आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम साधारणपणे रोखीने उसनी घेता येत नाही आणि रोखीने फेडताही येत नाही. नियम मोडल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणून व्यवहार बँकेतूनच करा. नोंद आपोआप राहते.

कागदात काय असावे?

- दोघांची पूर्ण नावे आणि तारीख
- रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. सोने असल्यास वजन व कस
- व्यवहाराचा प्रकार : कर्ज, भेट की भागीदारी
- परतफेडीची तारीख किंवा हप्ते
- दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या

एक प्रत दोघांकडेही असावी. प्रत्येक हप्त्याची नोंद त्याच कागदावर करावी. जकातीचा हिशेब करतानाही हा कागद उपयोगी पडतो, कारण परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी आपल्या मालातच धरली जाते. तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

कागद कर्जदाराचाही आहे

लिहिलेला कागद घेणाऱ्याचेही रक्षण करतो. फेडलेला हप्ता पुन्हा मागितला जात नाही. अडचण आली तर मुदतवाढ त्यावरच लिहून घेता येते. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी आणि माफ केले तर अधिक चांगले, ही शिकवण त्याच सूरहच्या २८०व्या आयतीत आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) जनाजाची नमाज पढवण्यापूर्वी मय्यतीवर कर्ज आहे का, असे विचारत. एका मय्यतीवर मोजक्या दिनारांचे देणे निघाले आणि ते फेडायला मागे काही नव्हते, तेव्हा ती नमाज इतरांनी पढावी, असे त्यांनी सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, त्यानंतरच प्रेषितांनी नमाज पढवली. आज आपल्या मागे कोणी असा प्रश्न विचारला, तर आपल्या मुलांना उत्तर देता येईल का? कोणाचे किती देणे आहे आणि कोणाकडून किती येणे आहे, हे एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे ते घरात सांगून ठेवा.