तागडीस शिक्का, दवाखान्यास काय?

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. दुकानांतील वजनांवर व तागडीवर ठराविक मुदतीनें सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो, हें त्यांस निराळें सांगावयास नको. खाण्याचे पदार्थ विकणारास २००६ च्या कायद्यान्वयें परवाना किंवा नोंदणी लागते. औषधविक्रेत्यास १९४० च्या कायद्यान्वयें परवाना घ्यावा लागतो, आणि औषध निरीक्षक त्याचीं कपाटें व वह्या तपासूं शकतो. या जाचाविरुद्ध व्यापारी कुरकूर करतात खरे. परंतु गिऱ्हाइकास माप पुरें व माल शुद्ध मिळावा यासाठीं कोणी तरी तिऱ्हाइतानें पाहणें अवश्य आहे, हें तत्त्व आतां कोणी नाकारीत नाहीं. मग ज्याच्या हातीं आपण आपली नाडी देतों, ज्याची सुई आपल्या लेकराच्या दंडांत जाते, त्या गल्लींतील डॉक्टराच्या कामाचा दर्जा कोण पाहतो?

कायदे चाळले असतां उत्तर समाधानकारक मिळत नाहीं. आपल्या राज्यांत नर्सिंग होमांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. २०२१ च्या नियमांनीं अशा ठिकाणीं दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागीं लावणेंही आवश्यक केलें. परंतु हा कायदा रोगी ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांचा आहे. ज्या दवाखान्यांत खाट नाहीं, तो त्यांत येत नाहीं. आणि बहुसंख्य लोक प्रथम जातात ते अशाच दवाखान्यांत. संसदेनें २०१० सालीं केलेला कायदा अशा लहान दवाखान्यांसही लागू पडतो, पण तो महाराष्ट्रानें स्वीकारलेला नाहीं. वैद्यक परिषद डॉक्टराची पदवी पाहून नांव नोंदविते. त्यापुढें त्याच्या कामाची चौकशी व्हावयाची ती कोणी तक्रार केली तर. मौज अशी कीं, २०१६ चे वैद्यकीय कचऱ्याचे नियम मात्र लहानांतल्या लहान दवाखान्यासही लागू आहेत. म्हणजे टोंचलेली सुई पुढें कोठें गेली हें कायदा विचारतो. ती कशासाठीं टोंचली, हें विचारावयास दवाखान्याच्या दारीं कोणी येत नाहीं!

याच्या उलट टोंकाचें उदाहरण इंग्लंडचें आहे. तेथें ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. लोक आपल्या भागांतील एका दवाखान्यांत नांव नोंदवितात, आणि किरकोळ दुखण्यापासून मोठ्या रुग्णालयाच्या चिठीपर्यंत बहुतेक सर्व कांहीं त्या दवाखान्यामार्फत होतें. अशा दवाखान्यांवरील देखरेख किती ढिली होती, तें हाइड या गांवीं भयंकर रीतीनें दिसून आलें. तेथील हॅरल्ड शिपमन हा डॉक्टर १९९२ पासून एकट्यानें दवाखाना चालवीत होता, आणि रोग्यांचा त्याजवर पूर्ण भरंवसा होता. ३१ जानेवारी २००० रोजीं आपल्याच १५ रोग्यांचे खून केल्याबद्दल न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें. पुढें न्यायमूर्ति जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीनें २००२ सालीं त्याच्या बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. असा नराधम विरळा; त्याजवरून साऱ्या धंद्यास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु रोग्यांचें प्रेम हें कामाच्या चोखपणाचें प्रमाण नव्हे, एवढा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

डिसेंबर २०१२ पासून ब्रिटनमधील डॉक्टरांस साधारणतः दर ५ वर्षांनीं आपली लायकी पुन्हां सिद्ध करावी लागते. १ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडांतील या दवाखान्यांस केअर क्वालिटी कमिशन नांवाच्या स्वतंत्र मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हें मंडळ दवाखान्यांची तपासणी करून अहवाल प्रसिद्ध करतें. त्याचे मुख्य प्रश्न पांच: येथील उपचार सुरक्षित आहेत काय? गुणकारी आहेत काय? वागणूक मायेची आहे काय? रोग्याच्या गरजेकडे लक्ष पुरविलें जातें काय? आणि कारभार नीट चालला आहे काय?

प्रश्न मोठे दिसले तरी पाहणी लहानसहान गोष्टींची असते. लसींच्या फ्रिजचें उष्णतामान २ ते ८ अंश सेल्सिअस राहतें काय व त्याची रोज नोंद होते काय. कोणी एकाएकीं कोसळला तर प्राणवायु व तातडीचीं औषधें हाताशीं आहेत काय. सांधेदुखीसाठीं मेथोट्रेक्सेटसारखें जहाल औषध घेणाऱ्या रोग्याचें रक्त ठरल्या वेळीं तपासलें गेलें काय. प्रयोगशाळेचा कागद कोणी वाचला, कीं तसाच पडून राहिला. तक्रारीस उत्तर गेलें काय. शेवटीं ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘सुधारणा आवश्यक’ व ‘अपुरा’ या चार श्रेणींपैकीं एक दिली जाते. आणि ती दवाखान्यांत ठळकपणें लावणें एप्रिल २०१५ पासून बंधनकारक आहे.

या यादींतील मर्म आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. डॉक्टर गोड बोलला कीं तिरसटपणें, हें रोग्यास कळतें. लसीचा फ्रिज रात्रभर बंद पडला होता, हें त्यास कळत नाहीं. औषधाची चव कळते. न वाचलेला कागद कळत नाहीं. जें गिऱ्हाइकास पारखतां येत नाहीं, त्यासाठींच तिऱ्हाइताची नजर लागते.

हें मंडळ निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. डॉ. पेनी डॅश यांनीं २०२४ सालीं सरकारच्या सांगण्यावरून त्याच्या कामाची चौकशी केली, तेव्हां पुष्कळ दोष बाहेर आले. २०१९-२० मध्यें त्यानें सर्व प्रकारच्या संस्थांच्या मिळून सुमारें १६,००० तपासण्या केल्या होत्या. २०२३-२४ मध्यें त्या सुमारें ७,००० वर आल्या. त्याच्या अखत्यारींतील दर पांच ठिकाणांपैकीं एकास एकदांही श्रेणी मिळालेली नव्हती. कांहीं निरीक्षकांनीं तर पूर्वीं रुग्णालयांत पाऊलही ठेवलें नव्हतें! तथापि तपासणाऱ्याचीही तपासणी झाली व ती लोकांपुढें मांडली गेली, हें विसरतां कामा नये.

आपल्याकडे आक्षेप येईल तो निराळाच. निरीक्षक आला म्हणजे त्याची मूठ दाबावी लागेल, असें पुष्कळ जण म्हणतील. आणि अनुभव पाहतां त्यांस दोष देववत नाहीं. परंतु लांच पोसली जाते ती बंद दाराआड होणाऱ्या तपासणीनें. तपासणी करणारांत एक धंदा करणारा डॉक्टर व एक प्रतिष्ठित नागरिक असावा, अहवाल दवाखान्याच्या दारावर लावावा, आणि पहिल्या खेपेस दंड न करितां सुधारणेस मुदत द्यावी. म्हणजे ‘फ्रिजची नोंद चोख’ असें लिहिलेलें असतां नोंदवही कोरी असेल, तर तें कोणासही पाहतां येईल.

‘आमचा डॉक्टर देवमाणूस आहे, त्यास हा ताप कशाला?’ असें कोणी म्हणेल. देवमाणसें या धंद्यांत खरोखरच आहेत, व मध्यरात्रीं दार ठोठावलें तरी उठणारे आहेत. परंतु आजच्या व्यवस्थेंत नुकसान होतें तें त्यांचेंच. विनाकारण सुई न टोंचणारा डॉक्टर रिकामा बसतो, आणि प्रत्येक तापास सलाईन लावणाऱ्या शेजाऱ्याकडे गर्दी होते. खोट्या मापाच्या दुकानदारापुढें खरा दुकानदार बुडतो, हें व्यापाऱ्यांस ठाऊक आहे. शिक्क्यानें रक्षण होतें तें खऱ्याचें.

म्हणून राज्य सरकारनें २०१० चा कायदा स्वीकारावा, किंवा बिनखाटांच्या दवाखान्यांस लागू होईल असा स्वतःचा कायदा करावा. तोंपर्यंत वाचकांनीं आपल्या हातीं आहे तें सोडूं नये. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें नोंदणी क्रमांक दवाखान्यांत लावणें व चिठीवर आणि पावतीवर घालणें हें डॉक्टराचें कर्तव्य आहे, तो पाहावा. सुई आपल्यासमोर नव्या वेष्टनांतून काढावयास सांगावी. औषधाची चिठी वाचतां येईल अशी मागावी. असें मागणें म्हणजे अपमान नव्हे, आणि चांगला डॉक्टर तो मानणारही नाहीं. याखेरीज निवडणुकींत मत मागावयास येणारास गटारें व दिवे यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या प्रभागांतील दवाखाने कोण पाहतो? आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो विचारीतच राहावें.