दोन गाद्या आणि एक शाळा

देवासचे नाव निघाले की गोमंतकीय रसिकाला आठवतात ते कुमार गंधर्व. १९४८ साली ते प्रकृतिस्वास्थ्यासाठी तेथे राहावयास गेले आणि १९९२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. धारचे नाव निघाले की आठवतो भोजराजा. माळव्यातील ही दोन्ही शहरे आमच्या किनाऱ्यापासून दूर असली, तरी परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने तेथे आपली राज्ये वसविली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. आणि पवारांच्या मागोमाग गेलेल्या मराठी कुटुंबांची घरे तेथे आजही नांदती आहेत. परंतु त्या मुलखातील शाळांच्या कारभाराचा विषय आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, तो केवळ या जुन्या ऋणानुबंधापोटी नव्हे. शाळा वाढविणे आणि वाढलेल्या शाळा चालविणे ही दोन निराळी कामे आहेत, हा धडा धार-देवासकडून आपण सर्वांनीच घेण्यासारखा आहे.

देवास हे गाव एक; पण तेथे गाद्या दोन होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच वस्तीत दोन राजे, दोन दरबार आणि दोन दप्तरे असा तो प्रकार होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. या राज्यातील अनुभव त्यांनी लिहून ठेवले आणि १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९४८ साली दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या, १९५६ साली मध्यभारत मध्य प्रदेशात गेला, आणि दोन गाद्यांची कथा इतिहासजमा झाली. निदान राजवाड्यापुरती ती झाली. शाळेच्या कारभारात मात्र ती संपली आहे असे म्हणवत नाही.

प्रश्नाचा विस्तार प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. एकट्या देवास जिल्ह्याची १५ लाख ६३ हजार, आणि धारची २१ लाख ८५ हजार. आपल्याकडे ज्या कामासाठी एक मंत्री, एक सचिव आणि एक शिक्षण संचालनालय आहे, त्याहून मोठ्या लोकसंख्येचा भार तेथे एकेका जिल्ह्यातील अधिकाऱ्यांवर आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत धार जिल्ह्यात सुमारे साडेचार लाख माणसांची भर पडली. त्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. घरी भिली, भिलाली, निमाडी किंवा माळवी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा पाटीवरची हिंदीही त्याला नवीच असते. एका टोकाला पिथमपूरचे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला कुक्षीकडील डोंगरांतले पाडे, अशा जिल्ह्याला एकाच मापाचा अंगरखा बसणार कसा?

मध्य प्रदेश शासनाने या आव्हानाकडे पाठ फिरविली, असे कोणी म्हणू नये. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात धारचा समावेश होता. १ जानेवारी १९९७ रोजी तर त्या राज्याने शिक्षण हमी योजना आणली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथील चाळीस मुलांसाठी, आदिवासी भागात पंचवीसच मुलांसाठी, पालकांनी मागणी करावी आणि नव्वद दिवसांच्या आत शासनाने शिक्षक द्यावा, असे ते वचन होते. शाळेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत राहणाऱ्या या देशात शासनानेच स्वतःला मुदत घालून घ्यावी, ही गोष्ट सामान्य नव्हती. काही वर्षांतच अशा वीस हजारांहून अधिक शाळा राज्यात उभ्या राहिल्या. ज्या पाड्यावर पूर्वी कोणी अक्षर पाहिले नव्हते, तेथे घंटा वाजू लागली. या यशाचे माप कमी करण्याची आमची इच्छा नाही.

पण घंटा वाजली म्हणजे शाळा चालली असे नव्हे. या शाळांत नेमलेल्या 'गुरुजीं'ना आरंभी महिना अवघे पाचशे रुपये मानधन मिळे. नियमित शिक्षक वेगळा, पंचायतीने नेमलेला शिक्षाकर्मी वेगळा आणि गुरुजी वेगळा; काम एक, पण पगार, मान आणि भवितव्य मात्र तीन प्रकारचे. पुढे नावे बदलली, संवर्ग बदलले, आणि २०१८ साली अध्यापकांना राज्याच्या सेवेत सामावून घेण्याचा निर्णय झाला. मधली वीस वर्षे मात्र शिक्षकांची शक्ती शिकविण्याइतकीच आपला दर्जा मिळविण्यात खर्ची पडली. स्वस्तात मिळविलेल्या शाळेची किंमत कोणी तरी भरतोच. येथे ती गुरुजींनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भरली.

त्याच प्रदेशाने दुसरी वाटही दाखविली होती. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यात पसरला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे देवास आणि धारसह इतर जिल्ह्यांतील काही शाळांतही नेला. त्यातील प्रयोगपेटीचे कौतुक पुष्कळ झाले; आम्हांस अधिक मोलाची वाटते ती त्यामागील कारभाराची घडी. शिक्षकांनी सुट्टीत प्रशिक्षण घ्यावे, महिन्यातून एकदा संगम केंद्रावर जमून वर्गातल्या अडचणी एकमेकांपुढे मांडाव्यात, जाणत्या शिक्षकाने शाळेत जाऊन तपासणी न करता साहाय्य करावे, अशी ती योजना होती. वरून आलेला हुकूम खाली पोहोचविणे एवढेच नेतृत्वाचे काम न राहता, खालची अडचण वर नेणे हेही त्यात आले. तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली शासनाच्या एका निर्णयाने बंद झाला. जे उभारण्यास पिढी लागते, ते थांबविण्यास एक कागद पुरतो.

आजची स्थिती काय आहे? पहिली ते आठवीच्या योजना राज्य शिक्षा केंद्राच्या जिल्हा शाखेकडे, तर वरच्या वर्गांचा कारभार जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याकडे. आदिवासी विकासखंडांत, म्हणजे धारच्या बहुतेक भागात, शाळा आदिवासी कल्याणाच्या खात्याखाली येतात. पगार संकुलाच्या प्राचार्यांमार्फत, शैक्षणिक मार्गदर्शन जनशिक्षकांमार्फत. या साऱ्यांवर जिल्हाधिकारी, आणि त्यांच्या डोक्यावर शंभर इतर कामे. थोरली पाती आणि धाकटी पाती परवडली. त्यांच्या रयतेला निदान आपला राजा कोण एवढे तरी ठाऊक होते! पाड्यावरच्या एकल शिक्षकाला छप्पर गळते ते कोणाला सांगावे, मूल वाचत नाही ते कोणाला सांगावे, हे ठरविण्यातच अर्धे वर्ष निघून जाते.

धार संस्थानात काशिनाथ कृष्ण लेले हे शिक्षणखात्याचे प्रमुख होते. विसाव्या शतकाच्या आरंभी धारच्या प्राचीन शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधणारे ते हेच. त्या लेखांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय नागबंधात कोरलेले आहेत. मध्ययुगातील तो जणू शिक्षणाचा तक्ताच म्हणावयाचा. संस्थानी राजवट परत यावी असे कोणी म्हणणार नाही. तीत शाळा मूठभरांच्याच वाट्याला येत. पण खात्याचा प्रमुख स्वतः विद्येत रमणारा असावा, ही अपेक्षा लोकशाहीत अधिक धरावयाची की कमी?

आमच्या मते तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. जिल्ह्यातील शाळांचा एकच उत्तरदायी प्रमुख असावा आणि त्याला एका जागी किमान पाच वर्षे मिळावीत. मुख्याध्यापकाला आकडे भरणारा कारकून न करता शिक्षकांचा शिक्षक होण्याची सवड द्यावी. आणि केंद्रावरील मासिक सभा परिपत्रके वाचून दाखविण्यासाठी नसावी, ती वर्गातल्या अडचणींसाठी व्हावी.

हे सारे माळव्याला सांगण्यासाठीच आम्ही लिहीत आहोत, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गोव्याच्या वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा निघाल्या. त्यांतूनच आजची सुशिक्षित पिढी घडली. त्याच शाळांपैकी अनेकींत आज पट बोटांवर मोजण्याइतका उरला आहे, आणि एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो आहे. धारमध्ये प्रश्न वाढीचा आहे, आपल्याकडे ओहोटीचा. दोहोंचे मूळ मात्र एकच आहे: शाळा उघडताना आपण सोहळा करतो, चालविताना तिला वाऱ्यावर सोडतो. समुद्रकाठच्या माणसाला ओहोटीची खूण वेगळी सांगावी लागत नाही. पाणी पुरते आटण्याआधी होडी हलविण्याचे शहाणपण आपण दाखविणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.