रानगुलाबांची नोंद

कोणत्याही मुलखातील वनस्पतींची साद्यंत नोंद ज्या ग्रंथात केलेली असते, त्या ग्रंथात रानगुलाबांचे प्रकरण लिहिणे म्हणजे ग्रंथकाराच्या चिकाटीची कसोटीच होय, याचा प्रत्यय ब्रिटनमध्ये विशेष येतो. तेथे १८५२ साली एच. सी. वॉटसन यांनी देशाचे ११२ विभाग पाडून दिले, आणि परगण्यांच्या सरहद्दी पुढे कितीही बदलल्या तरी वनस्पतींच्या नोंदी आजतागायत त्याच विभागांच्या हिशेबाने ठेवल्या जातात.

तेथील कुंपणांतून फुलणाऱ्या रोझा कॅनायना या गुलाबाच्या पेशीत बहुधा ३५ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी परागकणाच्या वाट्याला केवळ ७ येतात, तर अंडपेशीला २८ मिळतात. त्यामुळे संतती मातेकडे अधिक झुकते, आणि संकर झाल्यास मातृत्व कोणत्या जातीकडे होते यावर त्याचे रूप पुष्कळसे अवलंबून राहते. म्हणूनच नुसत्या फुलावरून निर्णय देता येत नाही. काट्यांचा बाक, पानांवरील लव व ग्रंथी, फळ पिकताना संदले टिकतात की गळून पडतात, हा सारा तपशील तपासावा लागतो. याच कुळातील ब्लॅकबेरीची झुडपे तर बहुधा फलनावाचूनच बी धरतात, आणि त्यांच्या तीनशेहून अधिक सूक्ष्मजाती ब्रिटन व आयर्लंडमध्ये ओळखल्या गेल्या आहेत.

यास्तव स्थळ, तारीख आणि वाळवून जतन केलेला नमुना यांवाचून अशा वनस्पतींची नोंद ग्राह्य धरू नये. कारण नमुना दप्तरी असेल तरच पुढच्या पिढीतील अभ्यासकाला ती पडताळून दुरुस्त करता येते.